थरथरीचे कारण शोधणारा अभियंता

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला बसणारे एक जाड चाक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण ते बिघडले तर भक्कम पोलादी शाफ्टही मोडू शकतो. या चाकामागचा विचार मांडणारे ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या आयुष्याचा आणि त्यांच्या निदानदृष्टीचा हा परिचय.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जालना जिल्ह्यातील वाहनांच्या इंजिनांचा दिनक्रम बदलला. पूर्वी जालन्याहून निघालेली गाडी खड्डे, गावे, वळणे आणि बाजाराची गर्दी पार करीत जात असे. इंजिनाची गती सतत वर-खाली होत असे. बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जाणाऱ्या या नव्या मार्गावर मात्र तेच इंजिन तासन् तास एकाच गतीने फिरत राहते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. बॉनेटखालच्या रबराच्या प्रत्येक भागाची अशा वेळी कसोटी लागते.

या रबरी भागांत एक भाग असा आहे की, त्याच्याकडे मालकाचे लक्ष नसते आणि पुष्कळदा मेकॅनिकचेही नसते. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला असलेली, पट्टा फिरविणारी ही पुली. गॅरेजमध्ये तिला क्रँक पुली किंवा डॅम्पर पुली म्हणतात. पुस्तकात तिचे नाव हार्मोनिक बॅलन्सर. पाहणाऱ्याला वाटते, पट्टा फिरविणे एवढेच तिचे काम. प्रत्यक्षात ती इंजिनाच्या कण्याची राखणदार असते. सव्वाशे वर्षांपूर्वी मोटार हे यंत्र बाल्यावस्थेत असताना ज्याने इंजिनाच्या थरथरीचे प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकावर वेगळा उपाय शोधला, त्या माणसाचे आयुष्य म्हणूनच आजच्या वाहनधारकानेही जाणून घ्यावे असे आहे.

वास्तुविशारदाच्या घरातील मुलगा

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. आठ भावंडांतील ते चौथे. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर वास्तुविशारद होते, तर आई ऑक्टेव्हिया लॅटिन आणि गणित शिकवीत असे. घराची रेखाटने आणि गणिताची शिस्त या दोन्ही गोष्टी फ्रेडरिक यांना घरातच मिळाल्या. हे कुटुंबच विलक्षण होते. थोरले बंधू हेन्री व्हॉन हे पुढे नामवंत वास्तुविशारद झाले. जोधपूरचा प्रसिद्ध उमेदभवन राजवाडा ही त्यांचीच रचना. बहीण ईडिथ समाजवादी चळवळीत गाजली, तर तिची मुलगी एल्सा हॉलिवूडची अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली.

फ्रेडरिक एक-दोन वर्षांचे असतानाच कुटुंब समुद्रकाठच्या होव्ह या गावी राहावयास गेले. शालेय शिक्षणात त्यांनी विशेष चमक दाखविली नाही. साउथॅम्प्टनच्या हार्टली संस्थेत काही काळ शिकल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान विद्यालयात दाखल झाले. तेथे अभियांत्रिकीचे प्रत्यक्ष शिक्षण अपुरे पडते हे जाणवताच त्यांनी संध्याकाळी फिन्सबरीच्या तंत्रविद्यालयात कार्यशाळेचे वर्ग सुरू केले. दिवसा सिद्धान्त आणि रात्री कानस-हातोडा असा तो क्रम होता. अखेर कोणतीही पदवी न घेताच ते बाहेर पडले. पदवी नसलेल्या या तरुणाचे नाव पुढे एका उच्च तंत्रशिक्षण संस्थेला दिले जाईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१८८८ मध्ये त्यांनी पेटंटची रेखाचित्रे काढणाऱ्याची नोकरी धरली. आठवड्याला तीन पौंड पगार होता. लवकरच बर्मिंगहॅमजवळच्या सॉल्टली येथील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत साहाय्यक व्यवस्थापकाची जागा मिळाली, ती आठवड्याला एका पौंडावर. पगार तिप्पट घटला. पण हाताखाली खरी इंजिने आली. नोकरीच्या करारात एक अट होती. कर्मचाऱ्याने केलेल्या प्रत्येक सुधारणेवर कंपनीचा हक्क राहील, अशी ती अट. लँचेस्टर यांनी सही करण्यापूर्वी ती ओळ खोडून टाकली. विशीतल्या मुलाचा हा आत्मविश्वास लवकरच खरा ठरला. इंजिनाची गती काबूत ठेवणारा नियंत्रक त्यांनी तयार केला. पुढे गॅस इंजिन आपोआप सुरू करणाऱ्या साधनाचे हक्क त्यांनी क्रॉस्ली या कंपनीला आठशे पौंडांना विकले. या पैशातून स्वतःचे प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य त्यांना मिळाले. धाकटे बंधू जॉर्ज उमेदवार म्हणून हाताखाली आले आणि पुढे त्यांचे उजवे हात बनले.

पहिली मोटार, पहिला शत्रू

त्या काळातील मोटारी आज चालवायला दिल्या तर दोन मैलांत माणूस उतरून पायी चालू लागेल. एका सिलिंडरचे इंजिन, त्याचे धक्के थेट बैठकीपर्यंत पोहोचत. मोटार म्हणजे घोडा काढून टाकलेली बग्गी, एवढीच बहुतेकांची कल्पना होती. लँचेस्टर यांनी मात्र गाडीचा प्रत्येक भाग पाया धरून नव्याने विचारात घेतला. त्यांची पहिली मोटार १८९६ च्या प्रारंभी रस्त्यावर आली. पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे हे इंजिन वेगळेच होते. त्यात एकाऐवजी दोन क्रँकशाफ्ट होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरत. एकाने डावीकडे ओढले की दुसरा उजवीकडे ओढणार. त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींत जिरून जात. पुढे याच तत्त्वावर त्यांनी समोरासमोर दोन सिलिंडर असलेले इंजिन केले. त्याच्या सुलभ चालीची सर्वत्र वाखाणणी झाली.

येथेच त्यांच्या विचाराची दिशा दिसते. इंजिन हलते म्हणून त्याचे पाये जाड करा, बैठकीखाली कापूस भरा, हा सोपा मार्ग इतरांचा होता. लँचेस्टर यांचा प्रश्न असा असे की, इंजिन हलते ते नेमके कोणत्या बलामुळे, ते बल कोणत्या दिशेने आणि एका फेऱ्यात किती वेळा येते. उत्तर मिळाले की त्याच जातीचे उलटे बल निर्माण करावयाचे. दुखणे झाकण्यापेक्षा त्याचे नाव शोधणे त्यांना महत्त्वाचे वाटे.

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली आणि बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात कारखाना उभा राहिला. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला घासपूस न करता बसला पाहिजे, हा आग्रह तेव्हा इंग्लंडमधील मोटारधंद्यात नवा होता. त्यासाठी मापांची मानके आणि मोजमापाची साधने लँचेस्टर यांनी स्वतः ठरविली. १९०२ मध्ये त्यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या गाड्यांच्या चाहत्यांत मुंबईत जन्मलेले साहित्यिक रुडयार्ड किपलिंग होते. पुढच्या काळात नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी आणि अलवारचे महाराज यांच्या पदरीही लँचेस्टर गाड्या आल्या.

परंतु यंत्र उत्तम असले की धंदा उत्तम चालतो असे नाही. भांडवल अपुरे होते. मागणी असूनही १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली आणि नव्या नावाने तिची पुनर्रचना करावी लागली. संचालकांशी त्यांचे खटके उडत. १९०९ मध्ये डेमलर कंपनीचे तांत्रिक सल्लागार म्हणून त्यांनी काम पत्करले. ज्या कामामुळे आज जगातील असंख्य इंजिने सुरक्षित आहेत, ते काम याच वळणावर घडले.

पोलादाला पडणारा पीळ

गाडी अधिक सुलभ चालावी म्हणून मोटार कारखानदार त्या सुमारास सहा सिलिंडरच्या इंजिनांकडे वळले होते. सहा सिलिंडर म्हणजे धक्के लहान आणि लागोपाठ. हिशेबाने इंजिन लोण्यासारखे चालावयास हवे होते. प्रत्यक्षात एका ठरावीक गतीला पोहोचताच ते गुरगुरू लागे, आणि काही वेळा क्रँकशाफ्ट मोडून पडे. डेमलरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांनाही या दुखण्याने ग्रासले होते. शाफ्ट तर भाराच्या मानाने पुरेसा जाड होता. मग तो मोडतो का, हा प्रश्न होता.

याचे उत्तर समजून घेण्यास धुतलेले धोतर पिळण्याचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. एक टोक घट्ट धरून दुसरे फिरविले की कापडाला पीळ पडतो. क्रँकशाफ्टचेही तसेच असते. त्याच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते, ते जवळजवळ एकाच गतीने फिरत राहते. पुढच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटले की कनेक्टिंग रॉड शाफ्टला झटका देतो आणि पोलादाचा तो दांडा कणभर पिळला जातो. झटका ओसरला की तो उलट उसळतो. डोळ्याला हे कधीच दिसत नाही. पण ते घडत असते.

आता झोक्याचा विचार करू. झोक्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का देत राहिले की तो चढत जातो. लय चुकली की चढत नाही. प्रत्येक शाफ्टलाही पिळण्याची आणि उलगडण्याची स्वतःची एक लय असते. चार आघातांच्या सहा सिलिंडर इंजिनात शाफ्टच्या एका फेऱ्यात तीन वेळा इंधन पेटते. मिनिटाला २,४०० फेरे झाले तर सेकंदाला ४० फेरे आणि १२० झटके. शाफ्टची स्वतःची लय सेकंदाला १२० इतकीच असेल, तर प्रत्येक झटका झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यासारखा पडतो. पीळ वाढत जातो, पोलाद थकते, सूक्ष्म तडा जातो आणि एके दिवशी शाफ्ट दुभंगतो. शाफ्ट जितका लांब, तितकी ही लय संथ. म्हणून सहा सिलिंडरच्या लांब शाफ्टमध्ये ती इंजिनाच्या रोजच्या गतीतच सापडत असे.

लँचेस्टर यांनी शाफ्टच्या पुढच्या टोकाला दुसरे एक लहान जड चाक बसविले. मात्र ते शाफ्टला घट्ट जोडले नाही. मध्ये तेलात बुडालेल्या चकत्यांची जोडणी ठेवली. शाफ्ट एकसारखा फिरत असेल तर चाकही त्याच्याबरोबर निमूट फिरते. शाफ्ट पिळासरशी पुढे-मागे थरथरू लागला की जडत्वामुळे चाक त्या घाईत सामील होत नाही. दोघांत घसरण होते, चिकट तेल त्या घसरणीला विरोध करते आणि थरथरीची शक्ती उष्णतेत बदलून विरून जाते. झोका चढण्यापूर्वीच कोणी मायेने हात लावावा, तसे हे चाक काम करते. १९१० च्या सुमारास त्याचे पेटंट नोंदले गेले. रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस हेही याच प्रश्नाशी झुंजत होते आणि घर्षणावर चालणारा उपाय त्यांनीही योजला होता. मात्र या जातीच्या शामकाला अभियांत्रिकीच्या ग्रंथांत आजही लँचेस्टर यांचेच नाव आहे.

याच सुमारास त्यांनी आणखी एक शोध लावला, आणि त्यामुळे नावांचा थोडा घोळ झाला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. तरी त्यांची बले पुरती फिटत नाहीत. कारण कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टनची वरच्या अर्ध्यातील चाल खालच्या अर्ध्यातील चालीपेक्षा वेगवान असते. यातून शाफ्टच्या दुप्पट गतीने वर-खाली हलविणारे बल शिल्लक राहते. लँचेस्टर यांनी शाफ्टच्या दुप्पट गतीने, परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे दोन वजनदार दांडे इंजिनाखाली बसविले आणि ते बल फेडून टाकले. मूळ हार्मोनिक बॅलन्सर हे नाव या जोडीचे. पुढे मोटार व्यवसायात ते नाव शाफ्टच्या टोकाच्या पुलीला चिकटले. सत्तरच्या दशकात जपानच्या मित्सुबिशी कंपनीने दांड्यांची ही जोडी नव्या रूपात आणली आणि ती पुन्हा जगभर पसरली. चार सिलिंडरच्या काही ट्रॅक्टरांच्या तेलटाकीतही अशी रचना आढळते.

थोडक्यात, एक दुखणे शाफ्टच्या पिळाचे आणि दुसरे सबंध इंजिन हलण्याचे. दोन्हींना आपण एकच थरथर हा शब्द वापरतो. लँचेस्टर यांनी त्यांतील भेद ओळखला, हेच त्यांचे मोठेपण.

गॅरेजमधील निदान

आजच्या मोटारीत तेलातील चकत्यांची जागा बहुधा रबराने घेतली आहे. आत शाफ्टवर बसणारा गाभा, त्याभोवती रबराचे कडे आणि बाहेर जड लोखंडी कडे, अशी ही पुली असते. रबर स्प्रिंगचेही काम करते आणि थरथर जिरविण्याचेही. बाहेरच्या कड्याचे वजन आणि रबराचा कडकपणा त्या विशिष्ट इंजिनाच्या लयीशी जुळवलेला असतो. त्यामुळे दिसायला सारखी आणि मापाला बसणारी दुसऱ्या इंजिनाची पुली येथे चालत नाही.

ही पुली बिघडल्याचे कसे ओळखावे? येथे बहुतेकांची गफलत होते. शाफ्टचा पीळ गाडीच्या सांगाड्यापर्यंत फारसा पोहोचतच नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि बैठक हादरत असेल, तर प्रथम इंजिनाचे माउंटिंग तपासावे, एखादा सिलिंडर नीट पेटतो की नाही ते पाहावे. पुलीचे दुखणे निराळ्या खुणांनी बोलते. पट्टा वारंवार चिरकतो, एका कडेने झिजतो, काळी भुकटी सांडतो किंवा नवा घातला तरी निसटतो. इंजिनाच्या पुढच्या भागातून खडखड येते. ही खडखड बेअरिंगच्या ठोक्यासारखी किंवा टायमिंग चेनच्या आवाजासारखी वाटते. आणि नेमकी येथेच हजारो रुपयांची इंजिन-उघडणी विनाकारण घडू शकते.

म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी काही साध्या तपासण्या क्रमाने कराव्यात. इंजिन बंद आणि थंड असताना विजेरीच्या उजेडात रबराचे कडे पाहावे. भेगा, बाहेर आलेले रबर किंवा ऑइल सीलमधून झिरपलेल्या तेलाने फुगलेले रबर ही बिघाडाची लक्षणे होत. मग इंजिन सुरू करून, हात आणि सैल कपडे दूर ठेवून, बाजूने पुलीकडे नजर लावावी. बाहेरचे कडे डुलत असेल तर शंकेला जागा उरत नाही. तिसरी तपासणी सर्वांत स्वस्त. इंजिन बंद असताना गाभ्यापासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि गाडी काही दिवस वापरावी. रेघ तुटून दोन ठिकाणी गेलेली दिसली, तर कडे रबरावर सरकले आहे. ज्या जुन्या इंजिनांत टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असते, तेथे अशा सरकलेल्या कड्यामुळे टायमिंग चुकीचे दिसते आणि मेकॅनिक निरोगी इंजिन बिघडवून ठेवतो. काही नव्या गाड्यांत संवेदकाची दातेरी चकती याच पुलीवर असते; तेथे बिघाडाचा पहिला निरोप डॅशबोर्डवरील दिव्याकडून येतो.

खडखड पुलीची की पट्ट्यावर चालणाऱ्या इतर भागांची, हे ठरविण्यासाठी पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवावे. आवाज थांबला तर आधी अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि टेन्शनर यांच्या बेअरिंगकडे पाहावे. पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर इंजिन तापू लागेल, म्हणून ही तपासणी लांबवू नये. आवाज चालूच राहिला तर पुलीचा बोल्ट, चावी आणि गाळा पाहावा. सैल बोल्टमुळेही हाच आवाज येतो.

जालन्यात लोखंडाचे काम करणारे हात पुष्कळ. पोलादाच्या रोलिंग मिल्समुळे हे शहर सर्वत्र ओळखले जाते. अशा ठिकाणी सरकलेले कडे वेल्डिंगने गाभ्याला जोडून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह टाळावा. वेल्डिंग केलेली पुली फिरते, पट्टाही फिरविते. पण ती आता शामक उरत नाही. शाफ्टच्या टोकाला लटकलेले ते केवळ एक वजन होते, आणि त्याने शाफ्टची लय अधिकच संथ होऊन धोका जवळ येतो. पुली काढताना हातोड्याने ठोकणे किंवा बाहेरच्या कड्याला पुलर लावणे हेही तितकेच घातक. पुलर गाभ्यालाच लावावा, बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या ताणाने आवळावा आणि एकदाच वापरावयाचा बोल्ट असेल तर नवाच घ्यावा.

लोखंड वाहून नेणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांत अनेकदा रबराऐवजी घट्ट सिलिकॉन द्रव भरलेला बंद डबा असतो. तो लँचेस्टर यांच्या मूळ कल्पनेच्या अधिक जवळचा. इंजिन चालून आल्यावर तो गरम लागतो, ते त्याच्या निरोगीपणाचे लक्षण. थरथर तेथे उष्णता होऊन बाहेर पडते. मात्र त्याच्या कवचाला पोचा पडला किंवा द्रव गळला, तर तो बदलणे हाच उपाय. बाहेरून साधा दिसणारा पोचा आतल्या कड्याची हालचाल अडवू शकतो.

आकाशाकडे लागलेले डोळे

लँचेस्टर यांची बुद्धी इंजिनापुरती थांबली नाही. पक्षी पंख न हलविता कसे तरंगतात, या प्रश्नाने त्यांना तरुणपणीच पछाडले होते. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका विज्ञानमंडळापुढे त्यांनी या विषयावर विवेचन केले. राइट बंधूंचे विमान उडण्यास तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. पंखाच्या टोकांशी हवेचे भोवरे निर्माण होतात आणि पंखाच्या उचलीशी त्यांचा संबंध असतो, ही त्यांची मूळ कल्पना. १८९७ मध्ये पाठविलेला त्यांचा निबंध विद्वत्सभेने नाकारला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पण भाषा अवघड, परिभाषा स्वतः घडविलेली आणि मांडणी दुर्बोध, त्यामुळे मायदेशात त्यांची कदर झाली नाही. जर्मनीतील गॉटिंगेन येथे त्यांनी लुडविग प्रांट्ल यांची भेट घेतली. प्रांट्ल यांनी पुढे पंखाचा सिद्धान्त काटेकोर गणितात बसविला आणि जगाने तो स्वीकारला. आज त्या सिद्धान्ताला दोघांचेही नाव दिले जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यबळाचे गणित मांडले. दूरवर मारा करणाऱ्या शस्त्रांच्या लढाईत संख्येचे महत्त्व तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा नियम. १९१६ मध्ये हे लेखन ग्रंथरूपाने आले. पुढे क्रियात्मक संशोधन या शास्त्राच्या अभ्यासकांनी त्याला आधारभूत मानले आणि व्यापारातील स्पर्धेच्या विश्लेषणासाठीही त्याचा उपयोग झाला.

मानसन्मान आणि रिकामी थैली

वयाच्या पन्नाशीनंतर, १९१९ मध्ये त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९३१ मध्ये विमानविद्येतील गुगनहाइम पदक आणि १९४५ मध्ये यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे जेम्स वॉट पदक, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. टोपणनावाने त्यांनी कविताही प्रसिद्ध केल्या. सापेक्षता आणि संगीतातील स्वरमालिका या विषयांवरही लिहिले.

पण पैशाने त्यांची साथ कधी केली नाही. डेमलरशी असलेला संबंध विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर संपला. स्वतःची प्रयोगशाळा आजारपणामुळे १९३४ मध्ये बंद करावी लागली. त्यांनी स्थापन केलेली मोटार कंपनी १९३१ मध्येच दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली होती. पुढे कंपवाताने त्यांना गाठले आणि मोतीबिंदूने दृष्टीही मंदावली. दैवाचा खेळ असा की, ज्याने आयुष्यभर यंत्रांचा कंप घालविला, त्याच्याच हातांना अखेरीस कंप सुटला, आणि त्यावर त्या काळी उतारा नव्हता. मोटार उद्योगातील हितचिंतकांच्या मदतीमुळेच बर्मिंगहॅममधील राहते घर त्यांच्याकडे राहिले. त्याच घरी ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९७० मध्ये कॉव्हेंट्री येथील तंत्रशिक्षण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तीच संस्था आज कॉव्हेंट्री विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या ग्रंथालयाला लँचेस्टर यांचे नाव आहे.

इतका बुद्धिमान माणूस व्यवहारात मागे का पडला, याची कारणे त्यांच्या चरित्रातच दिसतात. ते एका शोधाचा पैसा होण्याआधीच पुढच्या प्रश्नाकडे वळत. आपले म्हणणे दुसऱ्याला सोपे करून सांगण्यात त्यांना रस नसे. आणि भांडवलदाराशी जुळवून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तरीही त्यांचा वारसा कोठे आहे, हे पाहण्यासाठी बर्मिंगहॅमला जाण्याची गरज नाही. भोकरदनच्या रस्त्यावरील जीपमध्ये, परतूरच्या शेतातील ट्रॅक्टरमध्ये आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या ट्रकमध्ये तो रोज फिरतो आहे. इंजिन उघडण्याआधी ते कोणत्या जातीने थरथरते आहे, हे विचारणारा आणि पुलीवर रंगाची एक रेघ ओढून दोन दिवस थांबणारा प्रत्येक मेकॅनिक लँचेस्टर यांच्याच परंपरेतला आहे. गिऱ्हाइकाचे पैसे आणि इंजिनाचा कणा, दोन्ही त्या एका प्रश्नाने वाचतात.